रस्त्याची फाइल कशी बघावी: महापालिकेशी कागदाने बोलण्याची रीत

आमच्या गल्लीचं काँक्रिटीकरण झालं तेव्हा पेढे वाटायचेच काय ते राहिले होते. पहिला मोठा पाऊस झाला आणि लक्षात आलं, ड्रेनेजच्या चेंबरची तीन झाकणं काँक्रीटखाली गाडली गेली आहेत. मी तक्रार टाकली. दोन दिवसांनी मोबाइलवर निरोप आला: तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे. निराकरण कुठे झालं ते आम्ही टॉर्च घेऊन शोधलं, मिळालं नाही. पुन्हा तक्रार, पुन्हा निराकरण. तिसऱ्या खेपेला खालच्या मजल्यावरचे आजोबा, जन्मभर ओव्हरसियरची नोकरी केलेले, म्हणाले, "ताई, तक्रार कसली करताय? एस्टिमेट बघा. चेंबर वर घ्यायचे पैसे धरलेत की नाही, ते त्यात लिहिलेलं असतं."

तोवर एस्टिमेट, म्हणजे कामाच्या खर्चाचा आधी मांडलेला हिशेब, हा आपण बघायचा कागद आहे हे माझ्या डोक्यातही नव्हतं. 'गटार तुंबलं' म्हटलं की ती कटकट होते; 'एस्टिमेटमधली अमुक बाब जागेवर दिसत नाही' म्हटलं की समोरच्याला खुर्चीतून उठून कपाट उघडावं लागतं. पुढच्या काही महिन्यांत कुठे काय मागायचं हे धडपडत शिकले, ते इथे क्रमाने लिहिते आहे. उदाहरण रस्त्याचं आहे, पण बाग, पथदिवे, पाण्याची लाइन, शाळेची दुरुस्ती यांनाही हाच क्रम लागू पडतो.

आधी मालक शोधा

पुण्यात उभं राहून 'महापालिका झोपली आहे का?' असं विचारणं सोपं आहे, पण पायाखालची जमीन महापालिकेची असेलच असं नाही. कॅम्प आणि खडकीत कॅन्टोन्मेंट बोर्ड. कात्रज-देहूरोड बायपासवर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण. कालवा आणि धरण पाटबंधारे खात्याचं. विजेचा डीपी महावितरणचा, पण त्याच्या शेजारचा पथदिव्याचा खांब महापालिकेच्या विद्युत विभागाचा. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा हीच गोष्ट साऱ्या शहराने अनुभवली: खडकवासल्यातून विसर्ग सोडणारं खातं एक, आणि माणसांना घराबाहेर काढणारं दुसरं. नदीकाठी राहणाऱ्यांनी दोन्हीकडचे फोन नंबर पावसाळ्याआधीच लिहून ठेवावेत.

जमीन महापालिकेचीच असेल तर पुढचा प्रश्न: मुख्य खातं की क्षेत्रीय कार्यालय? शहरात १५ क्षेत्रीय कार्यालयं आहेत. लोक अजून 'वॉर्ड ऑफिस'च म्हणतात, तेच हे. ढोबळ नियम असा की १२ मीटरपेक्षा कमी रुंदीचे रस्ते क्षेत्रीय कार्यालय बघतं आणि त्याहून मोठे मुख्य पथ विभाग. गल्लीबोळ असेल तर पहिला मुक्काम वॉर्ड ऑफिसच. तिथल्या कनिष्ठ अभियंत्याचं, म्हणजे जेईचं नाव आणि सकाळी तो कोणत्या भागात फिरतो हे विचारून घ्या. कचऱ्याचं असेल तर आरोग्य निरीक्षक आणि मुकादम. मुकादमाला कमी लेखू नका. गल्लीत काय चाललंय ते साहेबांपेक्षा त्याला जास्त माहीत असतं.

२०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं हद्दीत आली. समाविष्ट गावांत राहत असाल तर एखाद्या रस्त्याची कागदपत्रं अजून ग्रामपंचायत किंवा जिल्हा परिषदेच्या काळातली निघू शकतात. काम कोणत्या वर्षी झालं हे आधी गावातल्या जुन्या माणसाला विचारून घेतलंत तर एक हेलपाटा वाचेल.

कागदांची नावं पाठ करा

कोणत्याही कामाची फाइल एका ठरावीक वाटेने चालते, आणि वाटेत एकेक कागद जन्माला येतो. आधी पूर्वगणनपत्रक, म्हणजेच एस्टिमेट: किती लांबी, किती जाडी, किती चेंबर, प्रत्येकाचा दर. मग निविदा. मोठ्या कामांच्या निविदा राज्याच्या महाटेंडर्स या संकेतस्थळावर येतात आणि त्या घरबसल्या बघता येतात. निविदा मंजूर झाली की कार्यादेश, वर्क ऑर्डर: ठेकेदार कोण, काम किती दिवसांत पूर्ण करायचं, अटी काय. काम चालू असताना मोजमाप पुस्तक भरलं जातं. कार्यालयात सगळे त्याला एमबी म्हणतात. प्रत्यक्ष किती काम झालं हे अभियंत्याने मोजून त्यात लिहायचं असतं आणि ठेकेदाराचं बिल त्याच्या आधाराने निघतं.

माझ्या मते सामान्य माणसाने बघण्यासारखा सगळ्यात मोलाचा कागद एमबी. एस्टिमेट हा बेत असतो. एमबी म्हणजे 'झालं' असं सही करून सांगणं. दोन्ही शेजारी ठेवा, मग गल्लीतून चालत जा. तिसरं काही लागत नाही.

शेवटची गोष्ट दोष दायित्व कालावधी, बोलण्यात डीएलपी. काम संपल्यावर इतकी इतकी वर्षं बिघाड झाला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा, ही ती मुदत. कामाप्रमाणे ती वेगवेगळी असते, म्हणून ती आपल्या कार्यादेशात वा निविदेच्या अटींत शोधायची. मुदत चालू असेल तर 'निधी नाही' हे उत्तर टिकत नाही, कारण निधी लागतच नाही.

कामाच्या जागी फलक लावलेला असेल तर काम चालू असतानाच त्याचा फोटो काढून ठेवा. कामाचं नेमकं नाव तिथे मिळतं. फाइल त्या नावाने सापडते, आपण गल्लीला ज्या नावाने ओळखतो त्या नावाने नाही. आमची गल्ली सरकारी कागदात 'अमुक यांच्या घरापासून तमुक यांच्या घरापर्यंत' अशी होती, आणि त्यातले दोन्ही अमुक-तमुक केव्हाच जागा विकून गेले होते.

तक्रार करा, पण तिच्यावर विसंबू नका

तक्रार टोल फ्री १८०० १०३० २२२ वर किंवा पीएमसी केअर ॲपवर करता येते. टोकन क्रमांक, तारीख आणि फोटो जपून ठेवा. फोटोत एखादी ओळखीची खूण येऊ द्या, दुकानाची पाटी, विजेचा खांब, सोसायटीचं फाटक. नुसत्या खड्ड्याचा फोटो पृथ्वीवरच्या कुठल्याही खड्ड्याचा असू शकतो. एका तक्रारीत एकच गोष्ट लिहा. रस्ता, कचरा आणि कुत्री एकत्र लिहिलीत की तिन्ही खाती एकमेकांकडे बोट दाखवतात.

काम न होता तक्रार बंद झाली तर चिडून नवी तक्रार टाकण्याऐवजी साध्या कागदावर अर्ज लिहा: 'टोकन क्रमांक अमुक, अमुक तारखेला निकाली दाखवले आहे, प्रत्यक्षात काम झालेले नाही, फोटो जोडला आहे.' दोन प्रती काढा. एक आवक-जावकला, म्हणजे पत्रं घेणाऱ्या टेबलावर द्या, दुसरीवर शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्या. त्याला पोच म्हणतात, आणि पोच नसलेला अर्ज तुम्ही दिलेलाच नसतो. "ठेवून जा, साहेबांना देतो" असं कोणी गोड बोलून म्हटलं तरी शिक्क्याशिवाय निघू नका. तितकंच गोड बोलून थांबा.

दाखला, नळजोड, मिळकतकराच्या नोंदीतला बदल अशी सेवा हवी असेल तर तक्रारीचा रस्ता धरूच नका. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली आहे, मुदत टळली तर अपील करता येतं, आणि विनाकारण टाळणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अर्जावर या कायद्याचा नुसता उल्लेख केला तरी फरक पडतो, हा स्वानुभव.

फाइल बघायला जाणं

लोक माहिती अधिकार म्हटलं की लगेच प्रती मागतात. पण कायद्याच्या कलम २(ञ) मध्ये माहितीच्या अधिकाराची जी व्याख्या आहे तिच्यात प्रतींइतकंच कामाची, दस्तऐवजांची आणि अभिलेखांची पाहणी करणं, टिपणं घेणं, अगदी साहित्याचे प्रमाणित नमुने मागणंही येतं. सरकारी भाषेत याला अवलोकन म्हणतात. मी आता आधी अवलोकनच मागते. फाइल हातात आली की कळतं, आपल्याला हवी ती सहा पानं कोणती आणि नको असलेली दोनशे कोणती.

या बाबतीत पुण्याने एक वाट घालून दिली होती. महेश झगडे आयुक्त असताना महापालिकेने दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना फाइली बघायला खुल्या केल्या. आधी अर्ज करा, तीस दिवस थांबा, असं काही नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य सरकारने परिपत्रक काढून हीच रीत जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांना आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना लागू केली. पण सोमवारच्या भरवशावर राहू नका असं मी सांगेन. ही सोय परिपत्रकावर उभी आहे, आणि परिपत्रक एका सहीने येतं, एका सहीने जातं. निघण्याआधी त्या खात्यात फोन करून विचारा. अर्ज करून मागितलेलं अवलोकन मात्र कायद्याच्या कलमावर उभं आहे. ते कुणाच्या मर्जीवर नाही. नगरपालिका असो की महापालिका, हा फरक डोक्यात पक्का असावा: आपल्याला मिळतंय ते कलमामुळे, की कोणा चांगल्या अधिकाऱ्यामुळे? चांगल्या अधिकाऱ्याची बदली होते.

जाताना काय न्यायचं? कामाचं नाव लिहिलेला कागद, चष्मा, पाण्याची बाटली, आणि पेन्सिल. पेन्सिल गमतीने म्हणत नाही. २०१२ साली राज्याच्या नियमांत तरतूद आली की अवलोकन करणाऱ्याने सोबत फक्त पेन्सिल ठेवायची, बाकीची लेखणी अधिकाऱ्याकडे जमा करायची. फाइलमध्ये कोणी दोन शब्द घुसडू नयेत म्हणून. पहिला तास फी नसते, त्यामुळे तासाच्या आत काय बघायचं ते घरून ठरवून जा.

फाइल समोर आली की पहिल्यांदा डाव्या-उजव्या बाजूंचे पान क्रमांक बघा. नस्तीला, म्हणजे फाइलीला, एका बाजूला टिपणी असते, कोणत्या अधिकाऱ्याने काय शेरा मारला तो. दुसऱ्या बाजूला पत्रव्यवहार. नवखा माणूस पत्रव्यवहारात अडकतो, आणि खरी गोष्ट टिपणीत असते. 'जागा पाहणी करावी', 'खर्च कोणत्या तरतुदीतून?', 'चर्चा करावी' अशा ओळी वाचत गेलात की काम कुठे आणि कोणापाशी अडलं ते डोळ्यांसमोर येतं. पान क्रमांक गायब असतील किंवा मधली पानं सुटली असतील तर तेही टिपून घ्या. मोबाइलने फोटो काढू देतील की नाही ते समोरच्या माणसावर; विचारा, नाही म्हणाले तर भांडू नका, पान क्रमांक लिहून घ्या आणि त्याच पानांच्या प्रमाणित प्रती मागा.

आमच्या फाइलमध्ये चेंबर काँक्रीटच्या पातळीला आणण्याची बाब होती. संख्या नऊ. आम्ही गल्लीत मोजली होती सहा. आजोबांनी आकड्याखाली बोट ठेवलं आणि काहीच बोलले नाहीत.

अर्ज लिहिताना

आता प्रती मागायचा अर्ज. महाराष्ट्राचे नियम साधे आहेत: जोडपत्र 'अ' नमुन्यात अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवायचा, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर साधारण १५० शब्दांच्या आत. प्रतीला पानामागे २ रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही. माहिती का हवी हे सांगायची गरज नाही, कलम ६(२) तसं स्पष्ट म्हणतं. कोणी विचारलंच तर "वाचायला" म्हणावं.

कॅन्टोन्मेंट बोर्ड किंवा महामार्ग प्राधिकरण असेल तर मात्र केंद्राचे नियम लागतात. तिथे कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही, पोस्टात मिळणारी १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावा. कॅम्पात राहणाऱ्या कितीतरी लोकांचे अर्ज या एका स्टॅम्पापायी परत येतात.

अर्ज कसा लिहू नये? 'आमचा रस्ता निकृष्ट का केला? जबाबदार कोण? काय कारवाई करणार?' याचं उत्तर 'प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही' असं येणार, आणि दुर्दैवाने ते चुकीचंही नसतं. जे कागदावर आधीच आहे तेवढंच या कायद्याने मिळतं. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. म्हणून 'का' गाळायचं आणि कागदाचं नाव घालायचं. असं:

विषय: अमुक चौक ते तमुक सोसायटी या रस्त्याच्या काँक्रिटीकरणाची कागदपत्रे.
कालावधी: काम मंजूर झाल्यापासून अर्जाच्या तारखेपर्यंत.
तपशील: वरील कामाच्या पुढील अभिलेखांच्या प्रमाणित प्रती द्याव्यात. १) मंजूर पूर्वगणनपत्रक, बाबनिहाय परिमाणांसह. २) कार्यादेश, अटी व शर्तींसह. ३) मोजमाप पुस्तकातील या कामाच्या नोंदींची पाने. ४) अदा केलेली देयके. ५) दोष दायित्व कालावधी नमूद केलेले पान. तसेच मूळ नस्तीचे अवलोकन करावयाचे आहे. त्यासाठी दिनांक व वेळ कळवावी. माहिती व्यक्तिशः घेईन.

यात एकही विशेषण नाही, हे पाहा. 'भ्रष्ट', 'निकृष्ट', 'संगनमत' हे शब्द मोहात पाडतात, पण अर्जात त्यांचा उपयोग शून्य. ते पुढे पुरावा हातात आल्यावर तक्रारीत वापरा, वाटलं तर.

अर्ज चुकीच्या खात्याकडे गेला तर त्या अधिकाऱ्याने पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. 'आमच्याशी संबंधित नाही' म्हणून परत करायचा नसतो. उत्तराला ३० दिवस. मुदत टळली तर माहिती फुकट मिळते, कलम ७(६). पानांच्या पैशांचं पत्र आलं तर ते लगेच भरा. पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस त्या तिसांत धरत नाहीत.

एकतिसाव्या दिवशी

उत्तर नाही आलं, किंवा अर्धवट आलं, तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील: जोडपत्र 'ब', २० रुपयांचा स्टॅम्प. सुनावणीला बोलावतील. वकील नको. अर्ज, पोच आणि एक तक्ता न्या: काय मागितलं, काय मिळालं, काय राहिलं. माझ्या अनुभवात निम्मी कामं सुनावणीच्या आदल्या दिवशी होतात, फोन येतो, "मॅडम, तुमची कागदं तयार आहेत, घेऊन जा."

तिथेही निभावलं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. पुण्यात आयोगाचं खंडपीठ आहे. तिथे दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० असा दंड अधिकाऱ्याला होऊ शकतो. पण आयोगाकडे प्रकरणांची रांग मोठी असते. गटाराच्या झाकणासाठी तिथवर जाण्यापेक्षा, न मिळालेल्या कागदाचं नाव बदलून नवा छोटा अर्ज करणं बहुतेक वेळा लवकर फळतं. एकट्याने डोकं आपटण्याआधी सजग नागरिक मंचासारख्या, या विषयात वर्षानुवर्षं काम करणाऱ्या पुण्यातल्या संस्थेचा सल्ला घ्या.

आणि एक कडू गोष्ट. तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी जमिनींचे व्यवहार माहिती अधिकारातून बाहेर काढत होते. १३ जानेवारी २०१० ला त्यांचा खून झाला. गल्लीच्या झाकणांत जीव जात नाही. पण विषय जमिनीचा, तिच्यावरच्या आरक्षणाचा, मोठ्या ठेक्याचा असेल तर एकट्याच्या नावावर अर्ज करू नका. चार-पाच जणांनी वेगवेगळे अर्ज करा आणि मिळालेले कागद त्याच दिवशी सगळ्यांकडे ठेवा.

चार नगरसेवक, एक पत्र

१४ मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची जवळपास चार वर्षं पुण्यात प्रशासकाचा कारभार होता. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर ४१ प्रभागांतून १६५ नगरसेवक आले. म्हणजे एका प्रभागाला साधारण चार. यातली गंमत पुणेकरांना ठाऊक आहे: चौघांपैकी कोणालाही भेटा, काम उरलेल्या तिघांपैकी कोणाच्या तरी 'भागातलं' असतं. उपाय एकच. चौघांच्या नावे एकच पत्र, प्रत्येकाला पोच घेऊन, आणि पत्रावर चौघांची नावं ठळक. आपण कोणाकोणाला लिहिलं हे चौघांना कळलं पाहिजे.

क्षेत्रीय कार्यालयात नागरिकांसाठी मोहल्ला कमिटीची बैठक भरते. तारीख वॉर्ड ऑफिसच्या फळ्यावर बघा किंवा फोनवर विचारा. तिथे तोंडी बोलून येऊ नका. मुद्दा लिहून द्या आणि इतिवृत्तात त्याची नोंद झाली का ते पुढच्या बैठकीत विचारा. कायद्यात २००९ पासून क्षेत्रसभेचीही तरतूद आहे, ग्रामसभेच्या धर्तीवर. पुण्यात ती रुजलीच नाही. नव्या नगरसेवकाला काय मागावं असं कोणी विचारलं तर मी बाकडी आणि कमानी नाही, क्षेत्रसभा मागेन.

मुख्य सभा आणि स्थायी समितीची कार्यपत्रिका व ठराव नगरसचिव कार्यालयाकडे असतात. आपल्या भागाचा विषय कधी येणार हे आधी कळलं तर नगरसेवकाला सभेआधी गाठता येतं, ठराव झाल्यावर नाही. महिन्याच्या पहिल्या सोमवारी आयुक्तांचा लोकशाही दिन असतो, पण त्यासाठी विहित नमुन्यातला अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो आणि आधी खालच्या पातळीवर अर्ज केल्याचा पुरावा लागतो. म्हणून ती पोच जपायची.

पैसे ठरतात तेव्हा

लोक मे महिन्यात रस्ता मागतात. मार्चमध्ये अंदाजपत्रक ठरून गेलेलं असतं.

२००६ पासून पुण्यात नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक आहे. देशात ही पद्धत राबवणाऱ्या पहिल्या शहरांत पुणं होतं. पावसाळ्याच्या उत्तरार्धात महापालिका सूचना मागवते. पदपथ, पथदिवे, बाकं, बसथांबा, गतिरोधक अशी छोटी कामं सुचवायची. एका कामाची मर्यादा ५ लाख रुपये राहत आली आहे. अर्ज भरताना 'परिसर सुधारावा' असं मोघम लिहू नका. 'अमुक शाळेच्या फाटकासमोर ४० मीटर पदपथ, रुंदी दीड मीटर, मध्ये दोन झाडे वाचवून' असं लिहा, साधा नकाशा काढा आणि तिथून रोज जाणाऱ्यांच्या सह्या घ्या. क्षेत्रीय कार्यालयाला छाननी करायची असते; ज्याचं एस्टिमेट पटकन होतं ते काम पुढे सरकतं.

अर्ज देऊन मोकळे झालात तर मेहनत वाया गेली म्हणून समजा. अंदाजपत्रक मंजूर झालं की आपल्या क्षेत्रीय कार्यालयाच्या पानांवर ते काम छापलं आहे का बघा. छापलं असेल तर त्याची बाब आणि रक्कम टिपा. तिथेच नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांची 'स' यादीही दिसेल. ती चाळण्यासारखी असते, आपल्या प्रभागात बाकडी किती आणि ड्रेनेज किती याचा हिशेब तिथे उघडा पडतो. मग दिवाळीच्या आसपास विचारा: निविदा निघाली का? नसेल तर वर्गीकरणाचा धोका आहे. वर्गीकरण म्हणजे तुमच्या पदपथाचे पैसे कोणाच्या तरी दुसऱ्या कामाला वळवणं, आणि ते नियमाप्रमाणे ठराव करूनच होतं. म्हणजे त्याचाही कागद असतो, आणि तो मागता येतो.

हरकती आणि सूचना

वर्तमानपत्रातल्या बारीक टायपातल्या जाहीर नोटिसा वाचायची सवय लावा. विकास आराखडा किंवा त्यातला बदल असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ खाली हरकत घ्यायला महिनाभर मिळतो. झाडं तोडायची असतील तर झाडावरही नोटीस लागते, आणि मुदत फार थोडी असते. नोटीस दिसली की त्याच दिवशी झाड, नोटीस आणि तारीख यांचा फोटो. छापील मसुद्यावर शंभर जणांनी सह्या करण्यापेक्षा दहा जणांनी आपापल्या शब्दांत, आपल्या घरापासूनचं अंतर आणि आपल्यावर होणारा परिणाम लिहून दिलेल्या हरकतींना सुनावणीत जास्त वजन येतं.

गल्लीला सांगा

मिळालेले कागद कपाटात ठेवणारे कार्यकर्तेही मी पाहिले आहेत. मग त्यांच्यात आणि कार्यालयात फरक काय राहिला? आम्ही सोपं केलं. सोसायट्यांच्या ग्रुपवर सत्तर पानांची फाइल टाकली नाही, कोणी उघडली नसती. मंडळाच्या कोपऱ्यावरच्या फळ्यावर खडूने चार ओळी लिहिल्या: कामाचं नाव, रक्कम, कागदावर चेंबर नऊ, जागेवर सहा. खाली 'मोजून पाहा'. आपल्या गावात पाटी वाचणाऱ्यांची कमी नाही. दोन दिवसांत निम्म्या गल्लीने मोजली, एका काकांनी सात मोजली, त्यावरून वाद झाला, आणि तो सोडवायला सगळे संध्याकाळी रस्त्यावर उतरले.

मग एमबीची प्रत जोडून जेईंना पत्र दिलं, कोणावरही आरोप न करता: डीएलपी चालू आहे, तीन चेंबर पातळीला आणणे बाकी आहे, जागा दाखवायला आम्ही थांबतो. ते आले, आजोबांनी मोजपट्टी धरली, आणि पुढच्या आठवड्यात एका सकाळी ब्रेकरच्या आवाजाने जाग आली. तिन्ही झाकणं वर आली. फळ्यावर आता एकच ओळ ठेवली आहे, डीएलपी संपण्याची तारीख. तिच्या महिनाभर आधी पुन्हा गल्लीतून मोजत जायचं ठरलंय, आणि सात मोजणाऱ्या काकांना या वेळी वही धरायला दिली आहे.